कोरियन भाषेतले ‘सुंदर’ : शब्दांची मुळे आणि त्यांबद्दलचे समज

कोरियन मालिका पाहणाऱ्यांच्या कानावर ‘येप्पुदा’ किंवा ‘येप्पॉ’ हा शब्द हमखास पडतो. लहान मूल, नवा पोशाख, मैत्रीण, फुलांचा गुच्छ, यांपैकी कशाचेही कौतुक करताना तो वापरतात आणि उपशीर्षकात त्याचे भाषांतर ‘सुंदर’ किंवा ‘छान’ असे दिसते. सुमारे ६०० वर्षांपूर्वी मात्र या शब्दाचा अर्थ वेगळा होता. तेव्हा तो ‘कीव यावी असा’, ‘बिचारा’ या अर्थाने वापरत.

कोरियन भाषेत सौंदर्यासाठी एकच शब्द नाही. दिसणे, घडण, पोत, रुबाब, गोडवा या प्रत्येकासाठी वेगळा शब्द आहे आणि प्रत्येकाचा मूळ अर्थही वेगळा आहे. या मूळ अर्थांबद्दल समाजमाध्यमांवर अनेक आकर्षक दावे फिरतात. त्यांतले काही जुन्या ग्रंथांच्या आधारे सिद्ध करता येतात, काही केवळ तर्क आहेत आणि काही निव्वळ कल्पना. हा लेख त्यांतला फरक स्पष्ट करतो.

थोडक्यात

• येप्पुदा (गोड, सुंदर) : मूळ अर्थ ‘कीव वाटण्याजोगा’. लेखी पुरावा भक्कम.
• आरुमदाप्दा (सुंदर) : ‘आरुम’सारखा किंवा ‘आरुम’ला साजेसा. पण ‘आरुम’ म्हणजे काय, यावर एकमत नाही.
• गोप्दा (नाजूक, सुरेख) : रंगरूपाबरोबरच पोत, आवाज आणि स्वभाव यांनाही लागणारा शब्द.
• मॉत (रुबाब, लय, डौल) : ‘मात’ म्हणजे ‘चव’ या शब्दाशी नाते असावे, असे अनेक अभ्यासक मानतात.
• जाल-सेंगगिदा (देखणा) : शब्दशः ‘चांगला घडला आहे’.
• मी (सौंदर्य, चिनी मुळाचा) : लिपीचिन्हात ‘मेंढा’ आणि ‘मोठा’ असे दोन भाग.

शब्दांचे दोन थर

मराठीत जसे तद्भव आणि तत्सम शब्द शेजारी शेजारी नांदतात, तसे कोरियनमध्येही दोन मोठे थर आहेत. पहिला थर अस्सल कोरियन शब्दांचा. येप्पुदा, आरुमदाप्दा, गोप्दा हे त्यातले. दुसरा थर चिनी लिपीचिन्हांतून आलेल्या शब्दांचा. ‘मीइन’ म्हणजे सुंदर स्त्री किंवा ‘मीसुल’ म्हणजे कला हे शब्द या थरातले.

मूळ शोधताना हा भेद महत्त्वाचा ठरतो. चिनी थरातल्या शब्दाची फोड करणे सोपे असते, कारण प्रत्येक चिन्हाचा अर्थ ठरलेला असतो. अस्सल कोरियन शब्दांचे तसे नाही. कोरियन भाषेला स्वतःची लिपी १५व्या शतकात मिळाली. त्याआधी चिनी चिन्हे वापरून कोरियन लिहिण्याच्या पद्धती होत्या, पण त्यांतून शब्दांचे उच्चार नेमके समजत नाहीत. त्यामुळे बहुतेक अस्सल शब्दांचा स्पष्ट माग १५व्या शतकापर्यंतच काढता येतो. त्याच्या मागे गेले की अंदाज सुरू होतात.

उच्चाराबद्दल एक सूचना : कोरियन क्रियापदे आणि विशेषणे शब्दकोशात ‘-दा’ या शेवटाने लिहिली जातात. वापरताना हा शेवट बदलतो. ‘येप्पुदा’मधला ‘उ’ ओठ गोल न करता उच्चारायचा असतो. त्यासाठी देवनागरीत नेमके अक्षर नाही, म्हणून इथे ‘उ’ वापरला आहे.

येप्पुदा : कीव ते कौतुक

जोसॉन राजवंशातील राजा सेजोंग (कारकीर्द १४१८ ते १४५०) याने कोरियन भाषेसाठी नवी लिपी तयार करवली. १४४३मध्ये सिद्ध झालेली ही लिपी १४४६मध्ये जाहीर झाली. आज तिला हांगुल म्हणतात. तेव्हा तिचे नाव ‘हुन्मिनजॉंगउम’ होते, म्हणजे ‘लोकांना शिकवण्यासाठी योग्य ध्वनी’. सुरुवातीला तिच्यात २८ अक्षरे होती, आज २४ मूळ अक्षरे वापरात आहेत.

लिपी का तयार केली, याचे कारण राजाने प्रस्तावनेत दिले आहे. आपली भाषा चिनीहून वेगळी असल्यामुळे, अक्षरओळख नसलेल्या साध्या लोकांना मनातले सांगायचे असूनही लिहिता येत नाही, असा तिचा आशय आहे. याचे वाईट वाटून आपण ही नवी अक्षरे केली, असे राजा म्हणतो. प्रस्तावना मुळात अभिजात चिनी भाषेत होती. नंतर ती नव्या लिपीत, कोरियन भाषेत उतरवली गेली. १४५९मध्ये छापलेल्या ‘वॉरिनसॉक्बो’ या भगवान बुद्धांच्या चरित्रग्रंथाच्या आरंभी ही कोरियन आवृत्ती जोडलेली आढळते.

‘वाईट वाटून’, ‘कीव येऊन’ या चिनी शब्दप्रयोगासाठी कोरियन आवृत्तीत ‘ऑयॉत्बी’ हा शब्द आहे. तो ‘ऑयॉत्बुदा’ या विशेषणाचे क्रियाविशेषण रूप. हेच विशेषण पुढे ‘ऑयॉप्पुदा’ झाले आणि आणखी आखडून ‘येप्पुदा’ झाले. ‘ऑयॉप्पुदा’ हे लांब रूप आजही जिवंत आहे, पण ते काव्यमय किंवा जुन्या वळणाचे वाटते.

त्याच प्रस्तावनेत अर्थ बदललेला आणखी एक शब्द आहे. साध्या लोकांसाठी वापरलेले ‘ऑरिन’ हे विशेषण तेव्हा ‘अजाण’, ‘मूढ’ अशा अर्थाचे होते. आज ‘ऑरिदा’ म्हणजे ‘वयाने लहान’. त्यामुळे आजच्या कोरियन विद्यार्थ्याने ही प्रस्तावना आजच्या अर्थाने वाचली, तर राजाला लहान मुले गोड वाटली म्हणून त्याने लिपी केली, असा भलताच अर्थ निघेल. शब्दार्थ कसे बदलतात हे शिकवताना कोरियात ही दोन उदाहरणे म्हणूनच नेहमी दिली जातात.

कीव वाटण्याचे रूपांतर कौतुकात कसे झाले, याचा दुवा समजायला अवघड नाही. लहान, दुबळ्या, आपल्यावर अवलंबून असलेल्या जिवाकडे पाहून पोटात कालवते. त्याच भावनेत माया मिसळलेली असते. माया वाटते ते गोड दिसते आणि गोड दिसते ते सुंदर ठरते. पुढच्या काही शतकांत ‘कीव’ आणि ‘गोडवा’ हे दोन्ही अर्थ शेजारी शेजारी राहिले आणि हळूहळू पहिला अर्थ गळून पडला. आज दयनीय माणसासाठी ‘बुलस्सांगहादा’ किंवा ‘गायॉप्दा’ हे वेगळे शब्द वापरतात. शेजारच्या जपानी भाषेतही असाच प्रवास दिसतो. तिथला ‘कावाइइ’ म्हणजे ‘गोंडस’ हा शब्द जुन्या काळी ‘कीव यावी असा’ या अर्थाने वापरला जाई.

पाहणाऱ्याच्या मनातला शब्द

येप्पुदाच्या बांधणीतही या इतिहासाची खूण आहे. जुन्या कोरियनमध्ये ‘-बु-’ हा प्रत्यय लावून मनाच्या किंवा शरीराच्या अनुभवाची विशेषणे तयार होत. ‘आजारी असणे’ या अर्थाच्या क्रियापदापासून ‘आपुदा’ म्हणजे ‘दुखणारे’, ‘उपाशी राहणे’पासून ‘गोपुदा’ म्हणजे ‘भुकेलेला’, ‘शोक करणे’पासून ‘सुल्पुदा’ म्हणजे ‘दुःखी’, ‘हर्ष होणे’पासून ‘गिप्पुदा’ म्हणजे ‘आनंदी’. ‘ऑयॉत्बुदा’चा शेवटही याच घराण्यातला दिसतो. म्हणजे हा शब्द मुळात समोरच्या वस्तूच्या रूपाचे वर्णन करत नव्हता. पाहणाऱ्याला काय वाटले, ते सांगत होता.

आजच्या भाषेतही हा धागा तुटलेला नाही. भावनेच्या विशेषणाला ‘-ऑहादा’ जोडले की ती भावना बाळगण्याचे क्रियापद तयार होते. ‘सुल्पुदा’पासून ‘सुल्पॉहादा’ म्हणजे ‘दुःख करणे’. तसेच ‘येप्पुदा’पासून ‘येप्पॉहादा’ होते आणि त्याचा अर्थ ‘सुंदर करणे’ असा होत नाही. तो ‘लाड करणे’, ‘जीव लावणे’ असा होतो. आजी नातवाचे लाड करते, ते ‘येप्पॉहादा’. आरुमदाप्दापासून असे क्रियापद वापरात नाही.

या शब्दाची दुसरी बाजूही तितकीच बोलकी आहे. ‘मिप्दा’ म्हणजे ‘नकोसा वाटणारा’, ‘राग येण्याजोगा’. दिसायला वाईट, हा अर्थ त्यातूनच येतो. अँडरसनच्या प्रसिद्ध परीकथेतले बदकाचे पिल्लू मराठीत ‘कुरूप’ असते, म्हणजे त्याचे रूप वाईट असते. कोरियन भाषेत त्या कथेचे नाव ‘मिउन ओरी सेक्की’ असे आहे. शब्दशः ‘नावडते बदकाचे पिल्लू’. मराठी शब्द पिल्लाच्या रूपावर बोट ठेवतो, कोरियन शब्द इतरांच्या नजरेवर.

येप्पुदाचे ‘इप्पुदा’ असेही रूप बोलण्यात सर्रास ऐकू येते. कितीतरी वर्षे ते शब्दकोशाच्या दृष्टीने अशुद्ध होते. शाळेत ते खोडले जाई, घरात मात्र तेच बोलले जाई. अखेर राष्ट्रीय कोरियन भाषा संस्थेने डिसेंबर २०१५मध्ये त्याला प्रमाण रूप म्हणून मान्यता दिली आणि जानेवारी २०१६पासून ‘येप्पुदा’ व ‘इप्पुदा’ दोन्ही शुद्ध मानले जाऊ लागले.

आरुमदाप्दा : सर्वांत मोठा शब्द, सर्वांत मोठा वाद

निसर्गदृश्य, संगीत, त्याग, मैत्री, आयुष्य यांच्या सौंदर्याबद्दल बोलायचे असेल तर कोरियन माणूस ‘आरुमदाप्दा’ म्हणतो. या शब्दात भारदस्तपणा आहे. लहान बाळाच्या टोपीला कोणी आरुमदाप्दा म्हणत नाही आणि सूर्योदयाला येप्पुदा म्हटले तर ते थोडे हलके वाटते.

शब्दाचा दुसरा भाग स्पष्ट आहे. ‘-दाप्दा’ हा प्रत्यय नामाला लागतो आणि ‘च्यासारखा’, ‘ला शोभेसा’ असा अर्थ देतो. ‘साराम’ म्हणजे माणूस, ‘सारामदाप्दा’ म्हणजे माणसाला शोभेसा. त्यावरून ‘आरुम’ हे एखादे नाम असणार, इथपर्यंत अडचण नाही. पण ते नाम कोणते? यावर चार मुख्य मते आहेत.

पहिले मत : आरुम म्हणजे ‘खासगी, स्वतःचे’. १५व्या शतकातल्या ग्रंथांत ‘सार्वजनिक’ याच्या उलट, ‘खासगी’ या अर्थाचा जवळजवळ याच रूपाचा शब्द सापडतो. त्यावरून ‘आरुमदाप्दा’ म्हणजे ‘स्वतःसारखे असणे’, असा अर्थ लावला जातो. सौंदर्य म्हणजे आपण जसे आहोत तसे असणे, हा संदेश आजच्या पिढीला भावणारा आहे. त्यामुळे हे मत सर्वांत लोकप्रिय झाले आहे.

दुसरे मत : आरुम म्हणजे ‘जाणणे’. कोरियन कलेतिहासाचे आद्य अभ्यासक को युसॉप (१९०५–१९४४) यांनी ‘आल्दा’ म्हणजे ‘जाणणे’ या क्रियापदाशी या शब्दाचा संबंध जोडला. या मतानुसार सौंदर्य ही ओळखण्याची, उमगण्याची गोष्ट आहे.

तिसरे मत : आरुम म्हणजे ‘कवेत मावेल एवढे’. मराठीत जशी ‘कवळ’ किंवा ‘मिठी’ मापासाठी वापरतात, तसे कोरियनमध्ये दोन हात पसरून कवेत येणाऱ्या मापाला आरुम म्हणतात. फुलांचा कवभर गुच्छ किंवा झाडाचा घेर सांगताना हा शब्द आजही येतो. कवेत भरून घेण्याजोगे ते सुंदर, असे हे मत सांगते.

चौथे मत : ‘आराम’ म्हणजे पूर्ण पिकून आपोआप गळण्याच्या बेतात आलेले चेस्टनटचे फळ. ते जसे भरलेले, परिपक्व, तसे सौंदर्य.

यांपैकी एकही मत सिद्ध झालेले नाही आणि प्रत्येकात काही ना काही अडचण आहे. ‘जाणणे’ या क्रियापदापासून १५व्या शतकात होणारे नाम ‘आरोम’ असे होते, म्हणजे स्वर जुळत नाही. ‘कव’ आणि ‘चेस्टनट’ यांच्या बाबतीत ध्वनी जवळचे आहेत, पण अर्थाचा पूल कल्पनेने बांधावा लागतो. ‘खासगी’ हे मत रूपाच्या दृष्टीने बरेच जवळ जाते. तरीही ‘खासगी’पासून ‘सुंदर’पर्यंतची मधली पायरी जुन्या ग्रंथांत दाखवणे अवघड आहे. येप्पुदाच्या बाबतीत ती पायरी दिसते, इथे दिसत नाही.

समाजमाध्यमांवर हे मत आणखी ताणले जाते. ‘जुन्या कोरियनमध्ये आरुम म्हणजे मी’ असे सांगितले जाते. हे बरोबर नाही. ‘मी’साठी तेव्हाही ‘ना’ हाच शब्द होता आणि आजही आहे. जुना ‘आरुम’ ‘सरकारी नसलेले, खासगी’ या अर्थाचा होता. ‘माझी खासगी मालमत्ता’ आणि ‘मी’ यांत जेवढे अंतर आहे, तेवढे या दोन दाव्यांत आहे.

गोप्दा : हाताला जाणवणारे सौंदर्य

‘गोप्दा’ हा शब्द वाक्यात बहुधा ‘गोउन’ या रूपात येतो. ‘गोउन’ रंग म्हणजे डोळ्यांना सुखावणारा रंग, ‘गोउन’ आवाज म्हणजे मधुर आवाज, ‘गोउन’ मन म्हणजे निर्मळ मन. शरद ऋतूतली रंगलेली पाने गोप्दा असतात आणि रेशमी हानबोक हा पारंपरिक पोशाखही. पण ‘गोउन’ पीठ म्हणजे सुंदर पीठ नव्हे. ते असते वस्त्रगाळ, बारीक दळलेले पीठ. ‘गोउन’ त्वचा म्हणजे खरखर नसलेली त्वचा.

या सगळ्या वापरांत एक गोष्ट समान आहे : खडबडीतपणाचा अभाव. रंग, आवाज, पीठ, त्वचा, स्वभाव, यांतले काहीही टोचत नाही. त्यामुळे हा शब्द वागण्यालाही सहज लागतो. जाणारे शब्द ‘गोप्दा’ असतील तरच येणारे शब्द ‘गोप्दा’ असतात, या अर्थाची एक म्हण कोरियात घरोघरी ऐकू येते. आपण नीट बोललो तर समोरचा नीट बोलेल, हे तिचे सार.

या शब्दाला वयाची अडचण नाही, हे त्याचे वैशिष्ट्य. वृद्ध स्त्रीच्या दिसण्याचे कौतुक करताना येप्पुदापेक्षा गोप्दा अधिक शोभतो आणि त्याला ‘गोउसिदा’ असे आदरार्थी रूप देतात. ‘गोप्के’ म्हातारे होणे म्हणजे चेहऱ्यावर आणि स्वभावात कडवटपणा न येता वय होणे.

मॉत : चवीचा शेजारी

‘मॉसिस्सॉयो’ आणि ‘मासिस्सॉयो’ हे दोन शब्द नव्याने कोरियन शिकणाऱ्यांना चकवतात. पहिल्याचा अर्थ ‘रुबाबदार आहे’, दुसऱ्याचा ‘चविष्ट आहे’. दोन्हींची बांधणी एकच आहे. ‘मॉत आहे’ आणि ‘मात आहे’, म्हणजे चव आहे.

कोरियन भाषेत स्वर बदलून जवळच्या अर्थाचे दोन शब्द तयार होण्याची पद्धत आहे. ‘मॉरी’ म्हणजे डोके आणि ‘मारी’ म्हणजे जनावरे मोजण्याचे एकक. ही जोडी एकाच मुळातून आली आहे. मराठीत जशी दहा ‘डोकी’ मोजतात तसेच हे. त्याच पद्धतीने ‘मात’पासून ‘मॉत’ झाला असावा, असे अनेक अभ्यासकांना वाटते. जिभेला कळते ती मात, मनाला कळते तो मॉत. हा तर्क भाषेच्या नियमांत बसतो, मात्र त्याला येप्पुदासारखा थेट लेखी पुरावा नाही.

मराठी वाचकाला ही कल्पना परकी वाटू नये. ‘लावण्य’ हा शब्द संस्कृत ‘लवण’ म्हणजे मीठ यावरून आला आहे. जेवणात मीठ नसेल तर ते अळणी लागते, तसे रूपात लावण्य नसेल तर ते फिके वाटते. दोन दूरच्या भाषांनी सौंदर्य सांगण्यासाठी जिभेचाच आधार घेतला.

मॉत हा केवळ चेहऱ्याचा गुण नाही. पेहराव, चाल, बोलणे, एखादा निर्णय, नृत्यातली हालचाल यांतही मॉत असतो. कवी जो जीहुन (१९२०–१९६८) यांनी कोरियन सौंदर्यदृष्टीचा गाभा म्हणून या संकल्पनेचा सविस्तर अभ्यास केला. रोजच्या भाषेतही या शब्दाचा परिवार मोठा आहे. ‘मॉतजेंगी’ म्हणजे छानछोकीने राहणारा, ‘गॉनमॉत’ म्हणजे वरवरचा रुबाब आणि ‘मॉत्तेरो’ म्हणजे ‘मनाला येईल तसे’.

जाल-सेंगगिदा आणि ऑलगुल : घडण आणि चेहरा

देखण्या पुरुषाबद्दल बहुतेक वेळा ‘जाल-सेंगग्यॉत्ता’ म्हणतात. ‘जाल’ म्हणजे चांगले, ‘सेंगगिदा’ म्हणजे निर्माण होणे, आकाराला येणे. शब्दशः अर्थ ‘चांगला घडला’. मराठीत चेहऱ्याची ‘ठेवण’ किंवा शरीराची ‘घडण’ म्हणतात, त्याच्या जवळचा हा विचार. त्याचा विरुद्धार्थी शब्द ‘मोत-सेंगगिदा’, म्हणजे ‘नीट घडला नाही’.

गंमत अशी, की ‘तो देखणा आहे’ हे सांगताना कोरियन माणूस भूतकाळाचे रूप वापरतो. घडण्याची क्रिया आधीच पूर्ण झाली, तिचा परिणाम आज दिसतो आहे. याच कारणाने २०१७च्या अखेरीस राष्ट्रीय कोरियन भाषा संस्थेने आपल्या प्रमाण शब्दकोशात या शब्दाची जात बदलली. तोपर्यंत विशेषण म्हणून नोंदवलेला हा शब्द क्रियापद ठरला. ‘देखणा असणे’ क्रियापद कसे, असा प्रश्न तेव्हा अनेकांना पडला. उत्तर शब्दाच्या मूळ अर्थात आहे.

‘ऑलगुल’ म्हणजे चेहरा. १५व्या शतकात मात्र त्याचा अर्थ ‘आकार’, ‘रूप’, ‘संपूर्ण शरीर’ असा होता. पुढे तो आकसून चेहऱ्यापुरता उरला. ‘ऑल’ म्हणजे आत्मा आणि ‘गुल’ म्हणजे गुहा, म्हणून चेहरा ही ‘आत्म्याची गुहा’, अशी एक फोड कोरियातही लोकप्रिय आहे. भाषणांत ती छान वाटते. पण जुन्या अर्थाशी ती जुळत नाही, म्हणून अभ्यासक तिला लोकव्युत्पत्ती मानतात.

चिनी थर : मेंढा, भूत आणि कोसळणारे राज्य

‘मी’ या चिनी चिन्हाचा अर्थ सौंदर्य. वर ‘मेंढा’ आणि खाली ‘मोठा’, असे त्याचे दोन भाग दिसतात. इ.स. १००च्या सुमारास शू शन या चिनी विद्वानाने रचलेल्या कोशात या चिन्हाचा अर्थ चवीशी जोडलेला आहे. मोठा मेंढा रुचकर म्हणून उत्तम, असे ते स्पष्टीकरण. अलीकडच्या अनेक अभ्यासकांना ते पटत नाही. त्यांच्या मते सर्वांत जुन्या रूपांत डोक्यावर शिंगे किंवा पिसे लावून सजलेला माणूस दिसतो. इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते : हा इतिहास चिनी चिन्हाचा आहे, कोरियन शब्दाचा नाही. कोरियन भाषेने चिन्ह तयार अर्थासह घेतले.

या थरातले काही शब्द :

• मीगुक : अमेरिका. शब्दशः ‘सुंदर देश’. अमेरिकेच्या नावाच्या चिनी लेखनातले हे चिन्ह उच्चारासाठी निवडले गेले होते, कौतुकासाठी नव्हे.
• पालबांगमीइन : ‘आठही दिशांनी सुंदर’. कोरियात याचा अर्थ सर्व गोष्टींत निपुण माणूस. जपानीत हीच चिन्हे सगळ्यांना खूश ठेवू पाहणाऱ्या माणसाला टोमणा म्हणून वापरतात.
• मॅर्यॉक : आकर्षण, मोहकता. पहिल्या चिन्हात ‘भूत’ हा घटक आहे आणि त्याचा जुना अर्थ ‘पछाडणारी शक्ती’. मराठीत एखाद्याने ‘भुरळ घातली’ म्हणतात, त्याच जातीची कल्पना.
• ग्यॉंगगुक-जिसेक : ‘राज्य कोसळवणारे रूप’. राजाला राज्याचा विसर पडावा इतकी सुंदर स्त्री. यात स्त्रीच्या कौतुकाबरोबरच राज्य बुडाल्याचा दोषही तिच्या माथी मारलेला आहे.

नवे शब्द

२०००च्या दशकाच्या सुरुवातीला इंटरनेटवर ‘ऑलज्जांग’ हा शब्द गाजला. ‘ऑलगुल’मधला ‘ऑल’ आणि ‘ज्जांग’ म्हणजे ‘एक नंबर’. जो ऑलगुल शब्द एकेकाळी संपूर्ण शरीराचा होता, त्याचे आधी चेहऱ्यात आणि मग एका अक्षरात रूपांतर झाले.

‘क्कोनमीनाम’ म्हणजे फुलासारखा नाजूक, देखणा तरुण. ‘क्कोत’ म्हणजे फूल, पुढचा भाग चिनी थरातला. पुरुषाच्या रूपाचे फुलाशी नाते कोरियात नवे नाही. प्राचीन सिल्ला राज्यात ‘ह्वारांग’ म्हणजे ‘फूल-तरुण’ नावाचे निवडक युवकांचे पथक असे. देखण्या तरुणांना निवडून सजवले जाई, असे ११४५मध्ये पूर्ण झालेल्या ‘सामगुक सागी’ या इतिहासग्रंथात नोंदले आहे. मात्र आजचा शब्द त्या परंपरेतून थेट आलेला नाही. तो अलीकडच्या लोकप्रिय संस्कृतीतला आहे.

‘हुन्नाम’ म्हणजे ‘उबदार पुरुष’, ज्याच्याकडे पाहून बरे वाटते असा. ‘दोंगआन’ म्हणजे ‘बालमुख’, वयाहून तरुण दिसणारा चेहरा. ‘मिन्नात’ म्हणजे रंगरंगोटी नसलेला, उघडा चेहरा. या शेवटच्या शब्दाने सौंदर्यप्रसाधनांची हद्द ओलांडली असून एखाद्या संस्थेचे किंवा समाजाचे ‘खरे रूप’ उघड झाले, असे सांगताना बातम्यांतही तो येतो.

कोणता शब्द कधी?

मूळ अर्थ माहीत असला तरी शब्द आजच्या वापरानुसारच निवडावा लागतो. मूल, मैत्रीण, कपडे, लहान वस्तू यांना येप्पुदा चालतो. आपल्याहून मोठ्या व्यक्तीला अनौपचारिक ‘येप्पॉ’ म्हणणे सलगीचे ठरते, तिथे गोप्दाचे आदरार्थी रूप बरे. देखावा, कला, एखाद्याचे औदार्य यांना आरुमदाप्दा. कृती, शैली, पेहराव यांच्या कौतुकासाठी मॉत. चेहऱ्याची ठेवण सांगायची तर जाल-सेंगगिदा. येप्पुदा म्हटल्यावर आज कोणालाही ‘बिचारी’ असे ऐकू येत नाही, त्यामुळे तो शब्द टाळण्याचे कारण नाही.

मूळ अर्थाचा दावा कसा तपासावा?

एखाद्या शब्दाच्या मूळ अर्थाबद्दल सुरस माहिती समोर आली, तर तीन प्रश्न विचारता येतात. जुन्या अर्थाने तो शब्द कोणत्या लेखनात, कोणत्या काळात सापडतो? जुने रूप आणि आजचे रूप यांतला ध्वनिबदल भाषेच्या नेहमीच्या वळणाने झालेला आहे का? आणि जुन्या अर्थापासून नव्या अर्थापर्यंतच्या मधल्या पायऱ्या दिसतात का?

येप्पुदा या तिन्ही कसोट्यांवर उतरतो. मॉत दुसरीवर उतरतो, पहिलीवर अडतो. आरुमदाप्दाचे ‘स्वतःसारखे असणे’ तिसरीवर थांबते आणि ‘आत्म्याची गुहा’ पहिलीच ओलांडू शकत नाही. स्वतःसारखे असणे सुंदर आहे, हा विचार म्हणून कोणीही मानावा. त्यासाठी १५व्या शतकातल्या शब्दाची साक्ष लागत नाही. ज्या शब्दाची साक्ष खरोखर उपलब्ध आहे, तो सांगतो की कोरियन भाषेत ‘गोड’ आणि ‘सुंदर’ यांची सुरुवात दुसऱ्याचे दुःख पाहून मन द्रवण्यापासून झाली.